आधी काय शिकलात?

४ ऑगस्ट, सोमवार

विषय नाकारला.

रडले नाही, हे आधी लिहून ठेवते. विद्यापीठाच्या गेटपर्यंत डोळे कोरडे होते. रिक्षात बसल्यानंतरचं मी धरत नाही.

संशोधन मान्यता समितीच्या मधल्या खुर्चीत अध्यक्ष डॉ. आप्पासाहेब काकडे होते. मी उभी राहून विषय सांगितला: महाराष्ट्रात मार्क्सवादी सिद्धांतावर काम करणाऱ्या अभ्यासकांची शैक्षणिक पार्श्वभूमी. ते कुठल्या घरातून आले, कुठल्या शाळेत गेले, काय शिकले आणि तिथून सिद्धांताकडे कसे पोचले. काकडे सरांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला.

"बाई, ही परिचयपत्रं झाली. कार्यक्रमात पाहुण्यांची ओळख करून देतात ना, तशी. समाजशास्त्रात हे बसत नाही." मग माझी कागदपत्रं चाळत म्हणाले, "तुमची पहिली पदवी गृहविज्ञानाची दिसते. मग महिला बचतगट घ्या की. मटेरियल भरपूर आहे."

आमच्या विभागात मुलींना बचतगट आणि मुलांना पंचायत राज मिळतं. रूपाने बचतगट घेतला, तिच्या आधी सोनियाने घेतला. वाईट विषय नाही, पण तो माझा नाही.

एम.ए.ला असताना मी शहरातलं एकही व्याख्यान सोडलं नाही. व्यासपीठावरची माणसं श्रम, वर्ग, भांडवल यांवर बोलत आणि मला एकच प्रश्न पडे की या माणसाला हे कुठं शिकायला मिळालं असेल. आमच्या घरात मी पहिली पदवीधर. शिकलेलं माणूस आतून कसं घडतं, ते मला घरात बघायला मिळालं नाही. म्हणून बाहेर बघते.

डिसेंबरच्या बैठकीत पुन्हा मांडता येईल. तेव्हाही नकार आला तर माझी जागा मागच्या उमेदवाराला जाईल.

माझ्या मार्गदर्शक सुलेखा मॅडम बैठकीत एक शब्द बोलल्या नाहीत. बाहेर आल्यावर एवढंच म्हणाल्या, "डबा खाल्लास का?"

५ ऑगस्ट, मंगळवार

बातमी आईकडून बुद्धभूषणमामाकडे गेली आणि मामा संध्याकाळी बजाजनगरला आमच्या घरी हजर. मामा म्हणजे आमच्या घरातली चळवळ. जयंतीची वर्गणी, विहाराचं बांधकाम, मोर्चा, सगळीकडे तो पुढे.

"आपुन निळे," मामा म्हणाला. "ही पोरगी लाल्यांच्यात कुठं शिरली? करुणा, त्या लोकांत आपलं कोण हाय ते सांग मला. समदी साहेबांची पोरं. दुपारी झोपून उठायची आन् कामगारावर लिहायची."

"तेच तर शोधायचंय, मामा. कोण कुठून आलं ते."

"आन् आपलं कोणीच नाय निघालं तर?"

"तर तसं लिहीन."

मामाने पप्पांकडे बघितलं. पप्पा कामाचे बूट काढत होते. ते म्हणाले, "कंपनीच्या बसमधी पोरं इचारतेत, तुमची पोरगी काय करती. मी सांगतो समाजसेवा."

"समाजसेवा नाही पप्पा, समाजशास्त्र."

"त्याच्यात काय फरक आसतो?"

सांगायला गेले, तर आईने ताटं वाढली.

१७ ऑगस्ट, रविवार

ठरवलंय की मान्यता नसली तरी मुलाखती सुरू करायच्या. डिसेंबरला हातात काहीतरी पाहिजे.

आज डॉ. कडुबा वाघचौरे सरांकडे गेले. क्रांती चौकाच्या मागे त्यांचं घर आहे. भांडवल एखाद्या प्रदेशात का येतं आणि तिथून का उठून जातं, यावर त्यांची तीन पुस्तकं आहेत. मी विचारलं, "सर, तुम्ही मार्क्सवादाकडे कसे वळलात?" सर खुर्चीत मागे रेलले. वसतिगृह, दुष्काळ, मित्राने हातात ठेवलेलं एक पुस्तक, मोर्चा, पोलीस कोठडी. "आणि मग मागं वळून पाहिलं नाही."

छान बोलले. पण गेल्या आठवड्यात फोनवर ज्या दोघांशी बोलले त्यांचंही असंच होतं: वसतिगृह किंवा गिरणी, हातात ठेवलेलं पुस्तक, कोठडी. त्यांनीही मागे वळून पाहिलं नव्हतं.

मला शंका येते की हे सगळे सत्काराच्या भाषणातून बोलतात. इतक्या वेळा सांगितलंय की आता त्यांना दुसरं काही आठवतच नाही. आणि मग काकडे सरांचंच खरं. ही परिचयपत्रंच झाली.

३१ ऑगस्ट, रविवार

वैजापूरला गेले होते. आजचा दिवस नीट लिहायचा आहे.

डॉ. तात्यासाहेब निकम मार्केट यार्डाच्या मागच्या गल्लीत राहतात. वय झालंय, कान जरा कमी आहेत. माणसाला आपली स्थिती उलटी का दिसते, यावर त्यांच्याइतकं मराठीत कुणी लिहिलेलं नाही. मी तोच प्रश्न विचारला. तेही वसतिगृहापासून निघाले. हातात पुस्तक ठेवेपर्यंत आम्ही आलो होतो, तेवढ्यात दारात एक बाई शेळी घेऊन उभी राहिली.

"डॉक्टर, हिनं कालपासून पाला तोंडात घेतला नाय बघा."

मला वाटलं पीएच.डी.चे डॉक्टर म्हणून गाव मान देतं. सर उठले, धोतराचा सोगा खोचला आणि अंगणात शेळीपाशी बसले.

"द्वारकाबाई, काय खाल्लं हिनं?"

"काय बी नाय. निस्तं पाणी."

सरांनी शेळीच्या डाव्या कुशीवर बोटं वाजवली. ढोलकीसारखा आवाज आला. "ज्वारी खाल्ली हिनं."

"नाय ओ डॉक्टर. ज्वारी कुठली?"

"पोत्यातली."

द्वारकाबाई दुसरीकडे बघायला लागली. जरा वेळाने म्हणाली, "खाल्ली आसंल उलीशीक. आमच्या मालकानं पोतं उघडं टाकलं, ते कुठं सांगतेत."

सरांनी गोडेतेल पाजायला सांगितलं, शेळीला फिरवत ठेवायला सांगितलं. हात धुताना ते माझ्याशी नाही, सवयीने स्वतःशीच बोलले: "आमच्या धंद्यात पहिली गोष्ट हीच. दुखतं त्याला बोलता येत नाही आणि बोलतो तो मालक. मालकाचं ऐकून घ्यावं, पण हात जनावराच्या पोटावर ठेवावा."

"सर, तुमचा धंदा कुठला?"

"अगं, मी गुरांचा डॉक्टर. आधी तेच शिकलो. जिल्हा परिषदेच्या दवाखान्यात नोकरी केली. राज्यशास्त्र नंतर, बाहेरून."

"सर, हे तुमच्या पुस्तकात आहे."

"शेळी?"

"शेळी नाही. पण चौथ्या प्रकरणात तुम्ही लिहिलंय की समाजाचं दुखणं मालकाच्या तोंडून ऐकायला मिळतं, म्हणून अभ्यासकाने बोलण्यावर थांबू नये, शरीर तपासावं. 'शरीर' हाच शब्द आहे."

सरांनी आतून पुस्तक आणलं. मी पान काढून दिलं. ते उभ्यानेच वाचत राहिले. हातावरचं पाणी पानावर ठिबकलं.

"आयला," ते म्हणाले. "हे मी कधी लिहिलं?"

परतीच्या एस.टी.त मला बसवत नव्हतं. शेजारची बाई म्हणाली, "काय गं, स्थळ पसंत पडलं काय?"

३ सप्टेंबर, बुधवार

प्रश्न चुकत होता. "कसे वळलात" विचारलं की माणूस वळणापासून सुरुवात करतो आणि वळणाच्या आधीचं सगळं पुसून टाकतो. आपल्याकडच्या परिचयातही तसंच असतं. शेवटची पदवी, पुस्तकं, पुरस्कार. पहिली पदवी कुणी सांगत नाही, जणू ती वाट चुकून घेतली होती.

आता मी विचारते, "आधी काय शिकलात?"

वाघचौरे सरांकडे पुन्हा गेले. म्हणाले, "भूगोल. का?" आणि बोलता बोलता चहाच्या बिलाच्या मागे नकाशा काढायला लागले. लोक सिद्धांत मांडतात तेव्हा ते आधी 'कुठं?' विचारतात. परिसंवादात यावरून त्यांची चेष्टा होते, असंही सांगितलं. भूगोलाच्या मास्तरांनी लावलेली सवय आहे, हे त्यांना आज पहिल्यांदा सुचलं.

माझ्या प्रस्तावात मी गृहीतक लिहिलं होतं की बहुतेक अभ्यासक अर्थशास्त्राचे किंवा राज्यशास्त्राचे असतील. शेवटची पदवी पाहिली तर तसंच दिसतं. पहिली पाहिली तर अर्थशास्त्राचा आतापर्यंत एकच सापडलाय. गृहीतक पडलं. इतका आनंद मला पास झाल्यावरही झाला नव्हता.

१४ सप्टेंबर, रविवार

मामाला उत्तर मिळालं. डॉ. रत्नमाला हिवराळे. दारातच म्हणाल्या, "जय भीम. चपला आत आण, कुत्रं नेतं."

तत्त्वज्ञान शिकवून निवृत्त झाल्यात. श्रमाच्या सिद्धांतावर त्यांचे लेख आहेत. मी विचारलं, आधी काय शिकलात.

"संस्कृत."

माझा चेहरा बघून हसल्या. "सगळ्यांचा असाच होतो. शाळेत मास्तर म्हणाले, हे तुम्हाला जमायचं नाही. म्हणून घेतलं. वडील म्हणाले, ज्या भाषेनं आपल्याला बाहेर ठेवलं ती कशाला? मी म्हटलं, आत काय आहे ते बघून येते."

"आणि त्याचा उपयोग?"

"पूर्वपक्ष. शास्त्रात आपलं म्हणणं मांडायच्या आधी समोरच्याचं मांडायचं असतं. आणि असं मांडायचं की त्यानंच मान हलवली पाहिजे, की हो, मला हेच म्हणायचं होतं. मग आपलं. माझ्या पहिल्या लेखात विरोधकांचीच बारा पानं होती. आमचे कॉम्रेड म्हणाले, बाई फुटल्या. तेराव्या पानापर्यंत कुणी आलंच नाही."

निघताना माझा नाकारलेला प्रस्ताव मागून घेतला. उभ्याने चाळला आणि परत दिला. "यात काकडे कुठं आहेत?"

"मॅडम, त्यांनी तर विरोध केला."

"म्हणूनच विचारते."

६ ऑक्टोबर, सोमवार

फार राग आलाय. आज कुणाला दाखवला नाही, इथे दाखवते.

सुलेखा मॅडमनी विभागात एक दिवसाचं चर्चासत्र ठेवलंय, १५ नोव्हेंबरला. वक्ते निकम सर, वाघचौरे सर आणि रत्नमाला मॅडम. मला वाटलं, माझी माणसं. मी म्हटलं, "मॅडम, मी पेपर वाचते. तयार आहे."

"पेपर नको. तू पाहुण्यांचा परिचय करून दे."

मला परिचय. एम.ए.पासून मी हेच करतेय. आवाज चांगला आहे म्हणे. मुलगे पेपर वाचतात, मी 'दीपप्रज्वलन करावं अशी विनंती' म्हणते. आणि ज्या शब्दाने काकडे सरांनी माझा विषय उडवला, तेच काम मॅडमनी हातात द्यावं?

वर अध्यक्ष कोण, तर काकडे सर. मी विचारलं, दुसरं कुणी नाही का मिळणार? "अध्यक्ष तेच हवेत," मॅडम म्हणाल्या आणि चहा ढवळत राहिल्या.

राग गिळायला मी मॅडमच्या केबिनच्या भिंतीकडे बघत होते. तिथे रांजणाचं एक जुनं पेन्सिलचित्र आहे. खरं तर रांजण काढलेलाच नाही, भोवतालचं सगळं काळं केलंय आणि मधे रांजण पांढरा उरलाय. कोपऱ्यात 'आ. का.' अशी सही. मॅडमचे कुणी नातेवाईक असतील.

"परिचयाला वेळ किती?" मी विचारलं.

"पत्रिकेत मी वेळ लिहिलेलीच नाही."

मॅडम अलीकडे विसरायला लागल्यात.

९ ऑक्टोबर, गुरुवार

तिघांनी आपापला परिचय पाठवला. निकम सरांचा सगळ्यात मोठा. त्यात गुरांचा दवाखाना कुठेही नाही. रत्नमाला मॅडमच्या परिचयात संस्कृत नाही. शेळीला तेल पाजणारा माणूस मी पाहिलाय आणि मला वाचायला सांगताहेत 'अनेक राष्ट्रीय पुरस्कारांनी सन्मानित'.

हे वाचायचं नाही असं ठरवलं. परिचयच द्यायचा ना, मग खरा देते.

२ नोव्हेंबर, रविवार

लिहिते आणि फाडते. भीती ही की सभेत लोक हसतील आणि तिघांचा अपमान होईल. मामाला वाचून दाखवलं.

"गुरांचा डॉक्टर म्हणणार तू त्यांना? भर सभेत?"

"आहेतच ते."

"मंग मी येतो," मामा म्हणाला. "काय झालं तर तुला घरी आणायला कोणी पायजे."

१५ नोव्हेंबर, शनिवार

आजचं सगळं क्रमाने लिहिते, नाहीतर उद्या माझाच विश्वास बसणार नाही.

सभागृह भरलेलं. मामा मधल्या रांगेत, नवा निळा शर्ट. स्वागत झालं, पुष्पगुच्छ झाले, मग माझं नाव. मी म्हटलं, "पाहुण्यांनी पाठवलेले परिचय माझ्याकडे आहेत. ते मी वाचणार नाही. पाहुणे आधी काय शिकले, एवढंच सांगणार आहे."

मंचावर काकडे सरांनी भुवई वर केली.

"डॉ. तात्यासाहेब निकम हे मूळचे गुरांचे डॉक्टर आहेत."

हशा पिकला. हसणारे मागच्या रांगांमधले होते. निकम सर हसत नव्हते. मी कुशीवर बोटं वाजवण्याचं सांगितलं, मालकाचं बोलणं सांगितलं, मग त्यांच्या पुस्तकाच्या चौथ्या प्रकरणातलं ते वाक्य वाचलं. हशा थांबला. नंतर वाघचौरे सर: मी त्यांच्या तिन्ही पुस्तकांचं पहिलं वाक्य वाचलं. तिन्ही वाक्यांत गावाचं नाव आहे. मग रत्नमाला मॅडम. त्यांची बारा पानं, आणि तेरावं पान, जिथपर्यंत कुणी गेलं नव्हतं. ते मी मोठ्याने वाचलं.

मधेच काकडे सरांनी एक चिठ्ठी सुलेखा मॅडमकडे सरकवलेली मला दिसली. वेळेबद्दलच असणार. मॅडमनी ती न वाचता पर्समध्ये टाकली. चष्मा आणला नसावा.

शेवटी मी म्हटलं, "सिद्धांत सगळ्यांना एकच मिळतो. पण माणूस त्याला आपल्या पहिल्या विषयाच्या हाताने धरतो. म्हणून गुरांचा डॉक्टर, भूगोलाचा विद्यार्थी आणि संस्कृतची विद्यार्थिनी यांचा मार्क्सवाद एकसारखा दिसत नाही. हे मला परिचयात सांगावंसं वाटलं." आणि खाली बसले. टाळ्या लगेच वाजल्या नाहीत. आधी निकम सर उठले.

ते माइकपाशी आले, आपलं लिहून आणलेलं भाषण खिशात घातलं. "या मुलीनं माझी गुरं सोडली," ते म्हणाले. "आता मला ती वळायला लागतील." मग टाळ्या.

त्यानंतर चर्चासत्र पत्रिकेप्रमाणे झालंच नाही. वाघचौरे सर म्हणाले, शेळीचं ठीक आहे, पण ती वैजापूरची शेळी आहे, शहरातल्या कामगाराचं पोट वेगळं. रत्नमाला मॅडमनी आधी वाघचौरे सरांची बाजू मांडली, ती त्यांच्यापेक्षा चांगली मांडली आणि मग पाडली. प्रेक्षकांतून लोक उठून आपला पहिला विषय सांगायला लागले. अर्थशास्त्राचे एक प्राध्यापक म्हणाले, "मी पहिल्यापासून अर्थशास्त्राचाच आहे, माफ करा," तेव्हा सगळ्यात मोठा हशा झाला.

मामा उठला. मला धडकी भरली.

"रत्नमालाताई, जय भीम. आमचा सवाल साधा हाय. तुमी निळ्या का लाल?"

"मी संस्कृतची," मॅडम म्हणाल्या. "दोघंबी मला पाहुणीच समजतेत. जेवायला मात्र दोन्हीकडं असती मी."

मामा खाली बसला आणि शेजारच्या अनोळखी माणसाला म्हणाला, "आपल्यातल्या हायेत."

मग अध्यक्षीय समारोप. काकडे सर उठले. मी वहीत डोकं घातलं.

"परिचयात वेळेचं भान राहिलं नाही," ते म्हणाले. "आणि विषय मान्य झाला असा कुणी समज करून घेऊ नये." पाणी प्यायले. "पण आता प्रत्येकानं सांगितलंच आहे, तर माझंही सांगतो. मी ड्रॉइंग मास्तर. आधी तेच शिकलो. माझ्या कुठल्याही परिचयात हे नाही. मीच काढून टाकलं होतं. समाजशास्त्रात आलो तेव्हा लोक म्हणायचे, हा चित्रं काढणारा. आम्हाला पहिल्या वर्षी शिकवलं की वस्तू काढू नका, वस्तूच्या भोवतालची रिकामी जागा काढा. माझा प्रबंध गावातल्या भूमिहीनांवर आहे. गावाचा नकाशा मी ज्यांच्याकडे जमीन नाही त्यांच्यावरून काढला. तेव्हा वाटलं, ही पद्धत मला सुचली."

आणखी काही बोलतील असं वाटलं. ते बसले.

घरी येताना मामाने रिक्षावाल्यालाही विचारलं, तू आधी काय शिकलास.

१७ नोव्हेंबर, सोमवार

केवढं नशीब. काकडे सरच अध्यक्ष असावेत आणि तेच मूळचे चित्रकार निघावेत. मी मॅडमना म्हटलं, "तुम्हाला कल्पना तरी होती का?"

"मला काय कल्पना असणार? मी चहा वेळेवर येतो का, ते बघत होते."

मॅडमना खरंच काही माहीत नव्हतं. मी त्यांची माफी मागितली, मनात रागावले होते म्हणून. त्या म्हणाल्या, "कधी?"

आता सरांचा विरोध मावळेल असं रूपा म्हणते. मला तसं वाटत नाही. सभेत हेलावलेला माणूस समितीत नियमाने बोलतो आणि बोलायलाच हवं. प्रस्ताव पुन्हा पहिल्यापासून लिहायला घेतलाय. पहिल्या पानावर काकडे सर आहेत.

७ डिसेंबर, रविवार

उद्या. आईने साडी काढून ठेवली. मी म्हटलं, ड्रेस घालते. आई म्हणाली, "घाल. पण इस्तरी मी साडीला केलीय." शेवटी साडीच.

८ डिसेंबर, सोमवार

मान्य झाला.

पुन्हा लिहिते, मान्य झाला.

मी उभी राहिले आणि पहिलं वाक्य म्हटलं, "हा विषय संशोधनाचा नाही, असं म्हणता येईल." मग काकडे सरांचं म्हणणं त्यांनी मांडलं होतं त्यापेक्षा भक्कम करून मांडलं. माणसांच्या पदव्या गोळा केल्या की माहिती होते, ज्ञान होत नाही. पदवी अनेकदा अपघाताने मिळते, कॉलेज जवळ होतं म्हणून, गुण कमी पडले म्हणून. अपघातातून नियम काढता येत नाही. आणि माणूस आपल्याबद्दल सांगतो ते सत्काराच्या भाषणासारखं असतं, पुरावा म्हणून कच्चं. काकडे सर मान हलवत होते. पूर्ण मान हलवली त्यांनी.

समितीवर बाहेरून आलेले एक सदस्य म्हणाले, "मग तुम्ही आलात कशाला?"

"सर, आता माझं म्हणणं सांगते."

माझं म्हणणं असं: पदवी अपघाताने मिळते, हेच महत्त्वाचं आहे. कुणाला कुठला अपघात होतो, ते घर, जात, गाव आणि पैसा ठरवतात, म्हणून ते समाजशास्त्र आहे. आणि पुरावा मी त्यांच्या सांगण्यातून घेणार नाही. त्यांच्या पानांतून घेईन. सांगणं आणि पान समोरासमोर ठेवीन.

बाहेरच्या सदस्यांनी पान उलटलं. "तुमची स्वतःची पहिली पदवी गृहविज्ञान. का घेतलं?"

"बजाजनगरहून एका बसमध्ये पोचता येईल असं ते कॉलेज होतं, सर."

"आणि त्याचा या अभ्यासाशी संबंध?"

याची मी तयारी केलेली नव्हती. खरंच नव्हती. मी म्हटलं, "सर, आम्हाला आहाराचं सर्वेक्षण असायचं. घरोघरी जाऊन कोण काय जेवलं ते लिहायचं. बायकांना विचारलं की त्या म्हणायच्या, जेवले मी. सगळ्या तेच म्हणायच्या. मग बाईंनी आम्हाला शिकवलं की उत्तर लिहून घ्या आणि नंतर पातेलं बघा. पातेल्यात काय उरलं होतं, त्यावरून कळायचं शेवटी बसणारीला काय मिळालं. मी या अभ्यासकांचंही तसंच करतेय. ते सांगतात ते लिहून घेते आणि मग पातेलं बघते."

सुलेखा मॅडम खिडकीबाहेर बघत होत्या. मग काकडे सर म्हणाले, "मला कुठल्या गटात टाकणार?"

"सर, तुम्ही अभ्यासात बसत नाही. तुम्ही मार्क्सवादी नाही."

बाहेरचे सदस्य मोठ्याने हसले. काकडे सरांनी पेन उघडलं आणि माझ्या शीर्षकात स्वतःच्या हाताने दोन शब्द घातले, 'प्रथम पदवी'. मग सही केली. "बसत नाही, हे माझं वाक्य होतं, बाई," ते म्हणाले. "परत करा कधीतरी."

बाहेर मॅडमनी मला जवळ घेतलं. त्यांच्या डोळ्यांत पाणी का आलं, कळलं नाही. सर्दी झाली असेल.

निकम सरांना फोन केला. म्हणाले, "द्वारकाबाईला सांगतो. तिला वाटतं तू शेळीवर पुस्तक लिहितेस." मामाने विहारात पेढे वाटले. कशाचे विचारल्यावर तो काय सांगत होता, ते मी ऐकलं नाही, पण 'संस्कृत' हा शब्द दोनदा आला.

९ डिसेंबर, मंगळवार

सकाळी पप्पा डबा घेऊन दारात थांबले. "त्यो इषय एका वाक्यात सांग. बसमधी सांगायचाय."

मी सांगितलं. मोठं झालं. मग लहान करून सांगितलं: मोठमोठे विचारवंत आधी काय शिकले होते आणि ते त्यांच्या विचारात कुठं दिसतं, यावर माझी पोरगी डॉक्टरेट करतेय. पप्पांनी दोनदा म्हणून बघितलं. 'समाजसेवा' म्हणाले नाहीत.

संध्याकाळी आले तेच हसत. पप्पांची कंपनी शेंद्र्याला आहे, बजाजनगरहून कंपनीची बस अख्खं शहर ओलांडून जाते.

"सांगितलं का?" आईने विचारलं.

"सांगितलं. मंग कोणी गप बसायला तयार नाय. पेंट शॉपचा धोंडिबा म्हने मी आदी शिलाई शिकलो, म्हनून माज्या हाताला कड चुकत नाय. स्टोअरवाला म्हने मी भजनात पेटी वाजवायचो. त्याला म्हनलं, त्याचा स्टोअरला काय उपेग, तर म्हने न बघता हात जातो बराबर जागेवर. मंग दोघांची जुंपली, कोनाचं शिकनं जास्त कामाला आलं म्हनून. मागचे पुढं आले, पुढचे उभे राह्यले."

"आणि तुम्ही काय सांगितलं?" मी विचारलं.

"मला कुठं बोलू दिलं त्यांनी." पप्पा बूट काढायला वाकले, परत सरळ झाले. "गेट आलं तरी कोणी उतरंना. शेवटी वॉचमननं येऊन बसच्या पत्र्यावर दांडा हानला."